ढोल, अभंग आणि महापालिका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी नाशिक शहर आणि परिसरातून आलेली पाच पत्रे निवडली आहेत. ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जगताना आपल्या गावाच्या सणांत, कलेत आणि कारभारात आपण कुठवर उतरावे, ही विवंचना पाचही पत्रांत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका ढोल-ताशा पथकात वाजवतो. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंचांपैकी एकांनी मला बजावले, की गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणे म्हणजे मूर्तिपूजेत भाग घेणे आहे. पथक सोडले नाही, तर तरुण संघाच्या कामातून मला दूर व्हावे लागेल. पथकातले मित्र म्हणतात, की ही नुसती कला आहे, तिला धर्म नसतो. मी कोणाचे ऐकू?

उत्तर : प्रभूमध्ये सलाम. ढोल हे वाद्य आणि तो ज्या प्रसंगी वाजतो तो प्रसंग यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. पंचांनी आणि तुमच्या मित्रांनी दोन्ही एकत्र केल्यामुळेच तुमची ओढाताण झाली आहे. वाद्याबद्दल संशयाला जागा नाही. दीडशेव्या स्तोत्रात डफ, झांजा, तंतुवाद्ये आणि नृत्य यांनी देवाचे स्तवन करायला सांगितले आहे, आणि ज्या शहराचे नाव ढोलाच्या एका बाजालाच मिळाले त्या शहरातील ख्रिस्ती मुलाच्या हातात ढोल असणे मला मुळीच वावगे वाटत नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा, शिवजयंती, लग्नाची वरात, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, यांपैकी कुठल्याही प्रसंगी वाजवताना तुम्ही मनात किंतु बाळगू नये.

खरा प्रश्न गणेशोत्सवाचा आहे, आणि तो नवा नाही. ग्रीसमधील करिंथ शहरात देवळात अर्पण झालेले मांस पुढे बाजारात विकायला येत असे, त्यामुळे तिथल्या विश्वासणाऱ्यांसमोर रोजच्या जेवणातच हा पेच उभा राहत होता. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर सरसकट नाही, हेच मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते. बाजारात जे विकले जाते ते चौकशी न करता खा, असे तो सांगतो. शेजाऱ्याने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर जा आणि पुढे वाढलेले खा, असेही सांगतो. फक्त तिथे कोणी मुद्दाम ‘हे अर्पण केलेले आहे’ असे म्हणाले, तर त्या माणसाच्या विवेकासाठी थांबा. पण प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या वेदीच्या मेजावर एकाच वेळी बसता येत नाही, इथे तो तसूभरही सवलत देत नाही. म्हणजे बाजार, शेजाऱ्याचे घर आणि वेदी या तीन ठिकाणांसाठी त्याचे तीन निर्णय आहेत. पथकाचा मैदानावरचा सराव हा बाजार आहे. मंडळाच्या मित्रांनी मांडवात बोलावणे, तिथे बसणे, गप्पा मारणे, देखाव्याला हात लावणे हे शेजाऱ्याचे घर आहे. प्रतिष्ठापना, आरती आणि नैवेद्य ही वेदी आहे; तिथे तुम्ही आदराने बाजूला उभे राहावे.

विसर्जनाची मिरवणूक मात्र शेजाऱ्याचे घर आणि वेदी यांच्या मध्ये कुठेतरी येते. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, तेव्हा लोकांनी एकत्र यावे हाही त्यांचा उघड हेतू होता, त्यामुळे मिरवणुकीत समाजाचा भाग मोठा आहे, हे तुमच्या मित्रांचे म्हणणे खोटे नाही. तरी ‘नुसती कला’ हे शब्द मला पटत नाहीत. तुमच्या मागून चालणारी एखादी आजी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून निरोप देत असते. तिच्यासाठी ती भक्तीच आहे, आणि तिच्या भक्तीला नुसती कला म्हणण्याने तिचाही मान राहत नाही आणि तुमच्या श्रद्धेचाही नाही. जुन्या करारातील अरामी सेनापती नामान याने परमेश्वराला ओळखल्यावर अलीशा संदेष्ट्यापुढे आपली अडचण मांडली होती, की राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची मला क्षमा व्हावी. संदेष्ट्याने त्याला नियमावली दिली नाही. शांतीने जा, एवढेच म्हटले.

माझे मत स्पष्ट सांगतो. पथक सोडू नका. पथकप्रमुखांना आधीच मोकळेपणाने सांगा, की मी ख्रिस्ती आहे, आरतीत सहभागी होणार नाही, आणि बाकी सर्व कामात कमी पडणार नाही. विसर्जनाच्या दिवशी वाजवताना मन निवांत असेल तर वाजवा. प्रत्येक ठोक्याला मन कचरत असेल तर त्या दिवसाची सुटी मागा, कारण जे विश्वासाने केले नाही ते पाप, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. तरुण संघातून काढण्याची भाषा मला योग्य वाटत नाही. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असे दोन्ही बाजूंना सांगितले आहे. मात्र तुमच्या संघात नुकताच बाप्तिस्मा घेतलेला कोणी असेल, ज्याच्यासाठी हीच मिरवणूक कालपर्यंत उपासना होती, तर त्याच्याशी आधी जाऊन बोला. तुम्हाला तिथे पाहून तो डळमळणार असेल, तर त्याच्यासाठी एक दिवस ढोल खाली ठेवणे हे पंचांच्या धाकापेक्षा कितीतरी मोठे कारण आहे.

आणखी एक. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे पथकाचे ढोल थांबवण्याचा आग्रह तुम्ही धरलात, तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तुम्ही भर रस्त्यात पाळलेली असेल. आणि नाताळच्या फेरीत आपल्या मंडळीपुढे ढोल-ताशा का असू नये, हेही पंचांना एकदा नम्रपणे विचारा.

प्रश्न : मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. २०२७ च्या सिंहस्थात आमच्या ड्यूट्या रामकुंड आणि साधुग्राम परिसरात लागतील. प्रार्थनागटातील एक भगिनी म्हणाल्या, की अन्य धर्माच्या मेळ्यात सेवा करणे विश्वासात बसत नाही, रजा टाकावी. काय करावे?

उत्तर : ताई, रजा टाकू नका. येशूच्या दृष्टांतातील शोमरोनी माणसाने रस्त्यात पडलेल्या जखमीला उचलण्यापूर्वी तो कुठून आला आणि कोणत्या वेदीपुढे वाकून आला, हे विचारले नव्हते. गर्दीत चेंगरलेल्या, उन्हाने भोवळ आलेल्या, अतिसाराने गळून गेलेल्या यात्रेकरूची नाडी पाहणे यापेक्षा निर्मळ ख्रिस्ती काम मला तरी माहीत नाही. मात्र असहाय रुग्णाच्या उशाशी धर्मप्रसाराची पत्रके ठेवू नका. त्या वेळी त्याला सलाइन हवे असते, आणि आजाऱ्याच्या अगतिकतेचा उपयोग करून घेणे प्रभूच्या नावाला शोभत नाही.

प्रश्न : शरणपूर भागातील आमच्या मंडळीत सध्या गीतांवरून वाद आहे. तरुणांना हिंदी आणि इंग्रजी गीते, कीबोर्ड आणि ड्रम हवेत. ज्येष्ठांना ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक सोडून काहीच नको. मी भजन-अभंग टाळ-मृदंगावर म्हणावेत असे सुचवले, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकच आक्षेप आला, की ते हिंदू वाटते. महिला संघाच्या वतीने विचारते, की मार्ग कसा काढावा?

उत्तर : आपल्या सूचनेला दोन्ही बाजूंनी विरोध व्हावा, तोही नाशिकमध्ये, याचे मला मनापासून वाईट वाटले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे शिक्षण याच गावात झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर इथून जवळच, जलालपूरचे. आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंनी देह ठेवला तोही नाशिकमध्येच. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना मागे टाकून ते ख्रिस्ताकडे आले नाहीत; तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोचलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर एवढे सहज बसले, की ते लिहिले गेले तेव्हा अनेकांना नवे आणि धाडसाचे वाटले असतील, याचा आज विसर पडतो. ज्येष्ठ मंडळी ज्या ‘उपासना संगीता’चा आग्रह धरतात, त्यातच टिळकांची पदे आहेत. म्हणजे अभंग हिंदू वाटतो म्हणून नको म्हणणारे दर रविवारी तीच परंपरा गात आहेत.

ही परंपरा टिळकांपासूनही सुरू झालेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी रचले. ते १६१६ मध्ये छापून निघाले. मराठीच्या थोरवीबद्दल त्यांनी त्यात लिहिलेल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले, ते त्यांच्या निधनामुळे १९१९ मध्ये अपुरे राहिले, आणि ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेत जायला मिळाले नव्हते. महिला संघाने हे मंडळीच्या सभेत आवर्जून सांगावे.

आता तरुणांविषयी. त्यांच्यावर जुनी गीते लादून काही साधणार नाही. टिळकांनी आधीच्यांनी रचलेलेच गात न राहता स्वतः रचले, म्हणून त्यांची पदे टिकली. तुमच्या मुलांकडूनही रचनाच करून घ्या. दोन शनिवार संध्याकाळी त्यांना एकत्र बसवा आणि छंद शिकवा. मोठ्या अभंगाच्या ओळीत चार चरण. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, आणि शेवटी कवीची नाममुद्रा येते. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. अक्षरे बोटांवर मोजून एखादी मुलगी वसतिगृहातल्या एकटेपणावर किंवा बापाच्या गेलेल्या नोकरीवर देवाशी चार ओळी बोलली, की तो अभंग कोणाचा, हा वाद तिथेच मिटेल. चाल त्यांना गिटारवर बसवू द्या, मृदंग असेल तर उत्तम, कीबोर्डही चालेल. माझा आग्रह एवढाच आहे, की शब्द त्यांचे स्वतःचे असावेत आणि मराठी चांगली असावी. ढिसाळ, ‘तू माझा राजा, मी तुझी प्रजा’ छापाची यमके मी कितीही भक्तिभावाने गायलेली ऐकली, तरी मला ती उपासनेत कमी पडतात असेच वाटते. देवापुढे ठेवायचे ते निवडून, स्वच्छ करून ठेवावे.

प्रश्न : रविवारच्या शाळेतील मुलांनी नाताळच्या गोठ्यात मरियेला नऊवारी नेसवायचे आणि मागची भिंत वारली चित्रांनी रंगवायची ठरवले आहे. काही पालकांना हा पवित्र इतिहासाशी खेळ वाटतो. त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर : पालकांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, पण मुलांना थांबवूही नये. युरोपातील चित्रकारांनी शतकानुशतके मरियेला आपल्या गावच्या बायकांची वस्त्रे दिली, आणि तीच चित्रे आपल्या घरोघरच्या कॅलेंडरांवर आली; त्या निळ्या झग्याला आपण इतिहास समजू लागलो, एवढेच. गोव्यात जन्मलेले आँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. त्यांच्या वाट्याला टीका आली, तरी त्या चित्रांसमोर आजही माणसे प्रार्थनेसाठी थांबतात. इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूचे, म्हणजे निवासमंडपाचे काम ज्याच्यावर सोपवले त्या बसालेलाविषयी निर्गमाच्या पुस्तकात म्हटले आहे, की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले ते सोने, रुपे, पाषाण आणि लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी. हातातले कसब हे पवित्र आत्म्याचे दान आहे, हे मुलांना गोठा रंगवतानाच सांगा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मरिया यहूदी होती आणि बाळ हेरोदाच्या राज्यात, बेथलेहेमात जन्मले, हे मुलांना नऊवारीबरोबरच कळले पाहिजे. गोठ्याशेजारी एका फलकावर ते लिहा. दुसरी गोष्ट वारली चित्रांची. पेठ, सुरगाणा या आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यांत वारली समाज राहतो. तारपा नृत्य, शेत, झोपडी, गुरे हे सगळे काढा. पण लग्नात सवाशिणी जो देवचौक लिहितात आणि ज्याच्या मध्यभागी पालघट देवी असते, तो चौक शोभेची नक्षी म्हणून उचलू नका. तो दुसऱ्या कोणाच्या तरी उपासनेचा भाग आहे. शक्य असेल तर एखाद्या वारली चित्रकाराला बोलावून, योग्य मानधन देऊन, मुलांना त्याच्या हाताखाली शिकू द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि आमच्या मंडळीचा पंचही आहे. प्रभागातील काही सुजाण लोक, ज्यांत सर्व धर्मांचे आहेत, मला महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहण्याचा आग्रह करत आहेत. मंडळीत बहुतेकांचे मत पडले, की आपण मूठभर, आपला धर्म लोक परका समजतात, तेव्हा गप्प राहून प्रार्थना करावी हेच शहाणपणाचे. आपले मार्गदर्शन हवे.

उत्तर : गुरुजी, ‘परका’ या शब्दाने आपल्या लोकांच्या मनात किती खोल घर केले आहे, ते आपल्या पत्रातून जाणवते. त्याचे एक कारण या शहरातच टांगलेले आहे. पंचवटीतील नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा, जिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे, ती १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्याची खूण म्हणून तिथे आहे. पोर्तुगीज सत्तेने ख्रिस्ताचे नाव घेऊन देवळे पाडली आणि लोकांवर जुलूम केला. ती आठवण खरी आहे, आणि आपण ती नाकारू नये. पण आपल्या समाजाचा नाशिकमधला इतिहास तेवढाच नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास शरणपूर वसवले, तिथे अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला, त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरे शिकवली गेली. त्या शाळेतून गेलेला जेकब वेनराइट १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत तो शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. आजचे नाशिककर शरणपूर रोडने रोज जातात, पण ही हकिगत फार थोड्यांना माहीत आहे. प्रचारात नव्हे, पण एरवी, शाळांतून ती सांगायला हवी.

गप्प राहण्याचा सल्ला मला मान्य नाही. बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या यहूद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले, की तिथे घरे बांधा, मळे लावा आणि त्या नगराचे हित साधा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. परक्या नगरीत हे कर्तव्य असेल, तर आपल्या जन्मगावात किती अधिक असले पाहिजे. लोकमान्यांचे स्नेही आणि वकील काका जोसेफ बॅप्टिस्टा होमरूल चळवळीत पुढे होते आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांचा प्रश्न हाताळताना ख्रिस्ती समाजाला राखीव मतदारसंघ नकोत, ही बाजू त्यांनी घेतली. आपण सर्वांमधून निवडून यावे, सर्वांसाठी बोलावे, हा त्यामागचा विश्वास होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असतानाच हरित वसईच्या आंदोलनात पाण्यासाठी आणि शेतीसाठी रस्त्यावर उतरले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची मराठी ऐकणाऱ्याला ती परक्याची वाटली नाही.

तेव्हा उभे राहा, पण ख्रिस्ती उमेदवार म्हणून नव्हे, प्रभागाचे उमेदवार म्हणून. दफनभूमीच्या अपुऱ्या जागेचा प्रश्न जरूर मांडा, त्याच पानावर अमरधामातील गैरसोयींचाही मांडा. गोदावरीत मिसळणारे सांडपाणी, उन्हाळ्यातले पाण्याचे वेळापत्रक, महापालिकेच्या शाळांतील रिकाम्या जागा यांवर अभ्यास करून बोला. तुम्ही शिक्षक आहात, शेवटच्या विषयावर तुमच्याइतके जाणणारे सभागृहात फार थोडे असतील. आपली श्रद्धा कोणी विचारली तर लपवू नका. मात्र ‘बायबल असे सांगते’ हे सभागृहात कारण म्हणून चालणार नाही. प्रत्येक सूचनेमागचे कारण असे द्या, की ते वारकऱ्यालाही तपासता यावे आणि नमाजीलाही. बसप्रवासी, भाजीवाली आणि सफाई कामगार यांच्या बाजूने तुम्ही उभे राहिलात, तर तुमची प्रेरणा कुठली आहे, ते लोकांना आपोआप कळेल.

व्यवहाराच्या बाबतीत मी कडक राहीन. धर्माच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०१७ मध्ये बहुमताने त्याची व्याप्ती आणखी रुंद केली, त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्मही आला. तो कायदा संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकांचा असला, तरी आपण महापालिकेतही तोच दंडक पाळावा. व्यासपीठावरून पाळकांनी तुमचे नाव घेऊ नये, मंडळीच्या आवारात पत्रके वाटली जाऊ नयेत, मंडळीची यादी फोन करण्यासाठी वापरू नये, आणि महिला संघाची सभा प्रचारसभा होऊ नये. पंचपदाचा राजीनामा उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वीच द्या, आणि निकाल काहीही लागला तरी त्या मुदतीपुरते पद परत घेऊ नका.